जयपूरचे उसने वास

जयपूरला मी सहा दिवस राहून आलो आणि मला तिथला एकही वास आला नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे या लिखाणात कुठे कांद्याच्या कचोरीचा किंवा शेकोटीचा वास आला, तर तो मला दुसऱ्या कुणीतरी सांगितलेला आहे असं समजावं. तिकडे न गेलेल्यांसाठी हे लिहितोय, त्यामुळे फसवणूक नको.

मी निफाडजवळच्या एका लहान कारखान्यात केमिस्ट आहे. आम्ही काळ्या द्राक्षांची लाल वाइन करतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्षं येतात आणि त्याच वर्षाच्या थंडीत वाइन बाटलीत जाते. जुनी करून विकायला आमच्याकडे ना तळघर ना सवड. कोवळी, जरा तुरट, आणि रमच्या बाटलीपेक्षा स्वस्त अशी ती असते. बाटल्या भरण्याआधी टाकीतला पेला माझ्या नाकाखाली यायचा, मी वहीत दोन ओळी लिहायचो, सही करायचो, आणि मग नळ सुटायचा. कारखान्यात यंत्रं फार नव्हती. माझं नाक हेच त्यातलं मोठं यंत्र होतं.

त्या वर्षी भाद्रपदात मला आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे, उतरेल. दिवाळीला बायकोनं चिवड्याची फोडणी दिली, शेजारचे लोक खोकायला लागले, आणि मी पातेल्यावर वाकून उभा होतो तरी काही नाही. जीभ शाबूत होती. गोड, आंबट, खारट, कडू इतकं कळायचं. पण आंबट म्हणजे लिंबू की ताक, ते कळायला नाक लागतं हे मला तेव्हा कळलं. मी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ मी चार महिने आवळून धरली होती.

आणि मग तीन नंबरच्या टाकीचा पेला समोर आला. मी डोळे मिटले, पेला फिरवला, आणि वहीत लिहिलं, ‘वास स्वच्छ, जांभळाचा.’ मागल्या वर्षीच्या पानावरून उतरवलं होतं. खाली सही केली.

आमचे शेठ म्हणाले, “जयपूरला तुमची बहीण आहे ना? तिथं छावणी आहे. सहा बाटल्या घेऊन जा, चार जणांना पाजा, मेसमध्ये दाखवा. सोमवारी मला तार करा. तार आली की सगळी टाकी बाटल्यांत भरायला घेतो. नवी बुचं येऊन पडलीच आहेत, या सहा बाटल्यांनाही तीच लावा.”

मी लगेच हो म्हणालो. शेठना वाटलं, माणूस बहिणीच्या ओढीनं निघालाय. खरं म्हणजे मला चार नाकं हवी होती. माझ्या सहीखाली काय लपलंय ते परक्या गावात, परक्या लोकांकडून, कुणाला न कळता काढून घ्यायचं होतं.

जवाहर नगर

गाडी गुजरातमधून जाते. तिथे दारूबंदी. खिशात एक्साइजचा पास होता, नमुन्याच्या सहा बाटल्यांचा, शिक्क्यासकट. तरी सुरतपासून दाहोदपर्यंत मी ट्रंकेवर पाय ठेवून बसलो होतो आणि डब्यात खाकी कपड्यातला कुणी आला की, तो चहावाला का असेना, मी खिशातला पास चाचपायचो. सवाई माधोपूरला मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसल्यावर पाय खाली घेतले. बाकी प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

माझी धाकटी बहीण मालू जवाहर नगरमध्ये राहते. तिचे यजमान श्रीरामपंत बँकेत अधिकारी. दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे घरातली निम्मी खोकी कधी उघडलेलीच नसतात. घर भाड्याचं, एका राजपूत ठाकूरसाहेबांचं. ते खाली, हे वर. जानेवारीचा पहिला आठवडा होता. जयपूरची थंडी आपल्याकडच्यासारखी पहाटे येऊन जात नाही, ती घरात मुक्कामाला असते. सकाळी अकरापर्यंत सगळी कॉलनी गच्चीवर उन्हात. बायका तिथेच वाटाणे सोलतात, मुलं संक्रांतीच्या पतंगांचा मांजा गुंडाळतात. आपण संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतो. हे लोक एकमेकांचे पतंग कापतात आणि वर ओरडून सांगतात.

मालूनं दारातच डबा उघडला. “दादा, ओळख बघू काय केलंय?”

लहानपणापासूनचा आमचा खेळ. मी डोळे मिटून वासावरून सांगायचो आणि कधी चुकायचो नाही. तेरा वर्षांची भाची पिंकी टाळ्या वाजवायला तयारच होती.  डोळे मिटण्याआधी डब्याचं झाकण दिसलं होतं, त्यावर पिवळसर तेल, आणि येताना गच्चीत वाटाण्यांची सालं. मी म्हटलं, “मटार उसळ.”

“मामा, वाह! एकदम सही,” पिंकी म्हणाली. “मतलब, तुमची नोकरी म्हणजे फक्त वास घ्यायचा? पगार त्याचा मिळतो?”

“त्याचाच मिळतो,” मी म्हणालो. सगळे हसले. मी हात धुवायला गेलो आणि तिथे नळ सोडून थोडा वेळ उभा राहिलो.

त्या संध्याकाळी पहिली बाटली उघडली. श्रीरामपंत अधूनमधून रम घेणारे. त्यांनी स्टीलच्या पेल्यातून घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि बँकेत कर्जाचा अर्ज वाचावा तसा चेहरा केला.

“आंबट आहे हो,” ते म्हणाले. “वाईट नाही. पण सरबतात साखर-मीठ घालायचं राहून गेल्यासारखं वाटतं. आणि चढत नाही. ही प्यायची कशाला?”

“वास कसा आहे?” मी शक्य तितक्या सहज विचारलं.

“वास? वाइनचाच आहे. वासाकडे कोण बघतं?”

म्हणजे पहिलं नाक फुकट गेलं. मालू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही. माझ्या या नोकरीचंही तिला कधी कौतुक नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, पेल्याकडे नव्हे. मी नजर काढून घेतली.

छावणी

दुसऱ्या दिवशी मेजर दिघ्यांकडे गेलो. साताऱ्याचा माणूस, श्रीरामपंतांचा गणपती मंडळातला स्नेही. छावणीतले बंगले बसके, पुढे कडुनिंब, आणि दगडांना पांढरा चुना इतका नीट फासलेला की चप्पल काढून चालावंसं वाटतं. मेजरसाहेबांनी मला व्हरांड्यात बसवलं, सिगारेट पेटवली आणि बाटली स्वतः उघडली.

“काय राव, रंग झकास आहे,” ते म्हणाले. घोट घेतला. पुन्हा घेतला. “ही तरुण आहे. अंगात जरा रग आहे, शिकवली तर चांगला जवान होईल. मला आवडली. मटणाबरोबर पळेल. मी मेस सेक्रेटरीला सांगतो.”

मला इतकं बरं वाटलं की खुर्चीत पहिल्यांदा पाठ टेकली. तेवढ्यात दिघेवहिनी बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याच्याच बाटलीतली थोडी पेल्यात घेतली. ओठाला लावण्याआधीच त्यांचं नाक आक्रसलं.

“अहो, याला भिजलेल्या गोणपाटाचा वास येतोय.”

“काहीतरीच काय,” मेजर म्हणाले. “मला तर जांभूळ वाटलं.”

“तुम्हाला सिगारेटपुढं काय कळतंय? पावसात भिजून कोपऱ्यात पडलेलं पोतं असतं ना, तसा.” मग माझ्याकडे वळून त्या ओशाळल्या. “माफ करा हां. तुमचं काम आहे, तुम्हीच सांगा.”

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. एकच बाटली, एकच टेबल, नवरा-बायको. एक म्हणतो जांभूळ, एक म्हणते पोतं. आणि निकाल देणारा मी. मी पेला उचलला, फिरवला, नाकाशी धरला. काचेचा गारवा लागला, बस्स. भिजलेल्या पोत्याचा वास म्हणजे वाइन बिघडली, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.  एका बाटलीचं असेल तर ठीक, पण टाकीचंच असलं तर? हजारो बाटल्या त्या वासानं भरल्या जाणार होत्या आणि वहीत माझी सही होती.

“कोवळ्या वाइनला सुरुवातीला असा वास असतो,” मी म्हणालो. “मग जातो.”

धडधडीत खोटं होतं ते. दिघेवहिनींनी मान डोलावली, पण पेला खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

राजा पार्क

शनिवारी मालू मला राजा पार्कच्या बाजारात घेऊन गेली. पिंकीला स्वेटर घ्यायचा होता आणि मला कचोरी खायची होती, निदान तसं मी म्हटलं होतं. बाजारात गजकाच्या, म्हणजे तिळगुळाच्या कुरकुरीत वड्यांच्या हातगाड्या, शेंगदाण्यांच्या राशी आणि त्यांवर धुमसती मडकी. दर दोन दुकानांमागे कुणीतरी भट्टी पेटवून बसलेलं. मालू बोलत होती आणि तिच्या बोलण्यातून मला बाजाराचे वास मिळत होते. “हा हिंग बघ कसा सुटलाय. आणि त्याच्याच शेजारी पंजाब्याचं लोकरीचं दुकान, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचं. कुठून कुठं.” मी हूं हूं करत होतो.

कचोरी गरम होती, एवढं निश्चित. बाकी तोंडात भुसा भरल्यासारखं झालं. मी पानात काही टाकलं नाही.

“दादा, तुझं काही बिनसलंय का?” मालूनं विचारलं.

“काही नाही. कामाचा ताण.”

“आल्यापासून तू एकदाही माझ्या जेवणात खोट काढली नाहीस. काल आमटी जरा लागली होती. तू दोनदा घेतलीस.”

मी म्हणालो, “पाहुण्यानं खोट काढू नये.”  चोराच्या मनात चांदणे; घरी येईपर्यंत ती माझ्याकडे बघतेय की नाही हेच मी बघत होतो.

कानोता

रविवारी कानोत्याच्या धरणावर जायचं ठरलं. श्रीरामपंतांनी घरमालक ठाकूरसाहेबांनाही बोलावलं. मुद्दाम बोलावलं, माझ्यासाठी. “त्यांच्या गढीत पूर्वी घरचीच दारू व्हायची, केशर, वेलची घालून,” ते म्हणाले. “त्यांच्याइतकी पारख इथं कुणाला नाही. त्यांनी चांगली म्हटली तर समजा चांगली.”

मला हवं होतं ते नाक हेच, आणि भीतीही त्याचीच. पारखी माणूस काय ते बोलेल आणि मला कळेल. पण पारखी माणूस मलाही पारखेल.

अडचण एक होती. रविवारी धरणावर बँकेतली, विम्यातली चार मराठी कुटुंबं हमखास भेटतात. गणपतीचं, हळदीकुंकवाचं येणंजाणं. तिथे सतरंजीवर दारूची बाटली काढणं श्रीरामपंतांना शक्य नव्हतं. “थर्मासमध्ये भरून घेऊ,” ते म्हणाले. “लोकांना वाटेल चहा.” आपल्या लोकांचं हे असं. पिणं चालतं, बाटली दिसता कामा नये. ठाकूरसाहेबांच्या जातीत दारू देवीला दाखवून उजळ माथ्यानं पितात. आम्ही ती चहाच्या भांड्यात घालतो.

सकाळी मालू पुऱ्या तळत होती. थर्मास भरायचं काम मी घेतलं. बाटलीचं तोंड आणि थर्मासचं तोंड जुळेना, सांडायला लागली. मागच्या बाल्कनीत खिळ्याला एक पत्र्याचं नरसाळं टांगलं होतं. स्वच्छ पुसलेलं. मी ते काढलं, नळाखाली धुतलं, आणि वीस वर्षांच्या सवयीनं नाकाशी नेऊन हुंगलं. काही वास नव्हता. मी वाइन ओतली.

धरणावर ऊन छान पडलं होतं. पाणी खूप दूरवर गेलेलं, काठावर बगळे, मागे बोडके डोंगर. आपल्याकडच्या डोंगरांना अंगावर काहीतरी असतं, हे अगदी हाडं दिसणारे. आम्ही एका बाभळीखाली सतरंजी घातली. जेवणाआधी श्रीरामपंतांनी इकडेतिकडे बघून थर्मास पुढे केला.

ठाकूरसाहेब सत्तरीचे, ताठ, पांढऱ्या मिशा. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून चांदीची लहानशी वाटी काढली. तीत वाइन घेतली, अनामिका बुडवून तीन थेंब मातीत शिंपडले आणि काहीतरी पुटपुटले. मग ती वाटी स्वतःच्या तोंडाला न लावता माझ्यापुढे धरली, दोन्ही हातांनी.

“हमारे यहां मनुहार होती है, दादाजी,” ते म्हणाले. मालूमुळे तेही मला दादाजी म्हणत. “पहला घूंट मेहमान का, और हमारे हाथ से. ना नहीं कह सकते.”

आपण आग्रह करून वाढतो, ते आग्रह करून पाजतात. मी पुढे वाकलो आणि त्यांच्या हातून प्यालो. वाटीभर. जिभेवर आंबट आलं, तुरट आलं, मागून काहीतरी तेलकट. ते मला घाबरलेल्या जिभेचं वाटलं. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी डोळे मिटले आणि नेहमीचं म्हटलं.

“जांभूळ आहे. मागे थोडी लवंग. अजून कोवळी आहे, पण स्वच्छ आहे.”

ठाकूरसाहेबांनी वाटी पुन्हा भरून घेतली, ओठांपर्यंत नेली आणि तिथेच थांबवली. ती त्यांनी खाली ठेवली नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात श्रीरामपंतांनी आपल्या पेल्यातून मोठा घोट घेतला होता. ते उठले, चार पावलं बाजूला धावले आणि थुंकले.

“अहो, हे काय आहे? रॉकेल!”

मालूनं थर्मास उचलून हुंगला. तिचा चेहरा पांढरा पडला. “कोणतं नरसाळं घेतलंस तू? बाल्कनीतलं? दादा, त्यानं मी स्टोव्हमध्ये रॉकेल ओतते.”

 आधी वाटलं, या म्हाताऱ्या माणसाला मी विष पाजणार होतो. पिंकी शेजारीच होती, तिनं हट्ट केला असता तर चमचाभर तिलाही दिलं असतं. मग कळलं की मी नुकतंच काय बोललो ते सगळ्यांनी ऐकलंय. वाटीभर रॉकेलमिश्रित वाइन पिऊन मी जांभूळ आणि लवंग सांगितली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? माझी पाचावर धारण बसली. 

“माझंच चुकलं,” मालू एकदम म्हणाली. “नरसाळं मीच तिथं टांगून ठेवते. आणि दादाला सर्दी झालीय केवढी, आल्यापासून बघतेय मी. अहो, तुम्ही चूळ भरा आधी. पिंकी, पाणी दे त्यांना.”

श्रीरामपंतांनी ते मानलं. चूळ भरून झाल्यावर ते हसायलाही लागले. “मतलब, तुमची वाइन मला परवा आंबट लागली, त्यावर आज हा उतारा,” ते म्हणाले. जेवणं झाली. मला दोन पेले ताक प्यायला लावलं. पोटाला काही झालं नाही.

जेवणानंतर ठाकूरसाहेब मला पाण्याच्या काठानं फिरायला घेऊन गेले.  मग बगळ्यांकडे बघत म्हणाले, “कब से?”

सर्दी म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्यांच्या हातून प्यालेल्या माणसाला ते जमलं नाही. “चार महिने झाले,” मी म्हणालो.

“हूं.” ते चालत राहिले. “आपने झूठ नहीं बोला. आपने याद करके बोला. मैं देख रहा था. लेकिन दादाजी, पीने वाला तो याद नहीं पीता.”

पुन्हा जवाहर नगर

सोमवारी सकाळी श्रीरामपंत बँकेत आणि पिंकी शाळेत गेल्यावर मालूनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि माझ्यासमोर पाटावर बसली.

“आता सांग.”

मी सगळं सांगितलं. ताप, चिवडा, वही, सही, गोणपाट, तार. सांगताना रडू आलं, ते मी लपवलं नाही. मला खरी भीती नोकरीची होतीच. पण त्याहून मोठी एक होती, ती मी तोवर मनातही बोललो नव्हतो. आठवणीतलं जांभूळ मी इतक्यांदा वापरलं होतं की ते झिजत चाललं होतं. एक दिवस तेही जाईल आणि मग मी नुसता शब्द बोलत असेन.

मालू उठली. ट्रंकेतल्या उरलेल्या तिन्ही बाटल्या तिनं ओट्यावर आणून ठेवल्या. “उघड.”

“तू?”

“मग कोण? तुझं नाक गेलंय, माझं नाही. आपलं एकाच आईचं आहे.”

मी बुचं काढली. तिनं पदर कमरेला खोचला आणि लोणच्याच्या बरण्या तपासाव्यात तशी कामाला लागली. आधी प्रत्येक बूच वेगळं हुंगलं. मग प्रत्येक बाटली. मधूनमधून स्वतःच्या मनगटाचा वास घेत होती. वास सरमिसळ होऊ नयेत म्हणून असं करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तकात वाचून ते मी शिकलो होतो.

“दिघेवहिनी खरं बोलल्या,” ती म्हणाली. “या मधल्या बाटलीत पोत्याचा वास आहे. पण या दोन्हींत नाही. आणि तो वास बुचातच आहे. हे बूच बघ, ओल्या तळघरातल्या फळीसारखं येतंय. ही दोन बुचं नुसती लाकडासारखी.”

“नीट बघ. खात्री आहे?”

तिनं तिन्ही बुचं पदराखाली धरून उलटीसुलटी केली आणि डोळे मिटून पुन्हा हुंगली. “हेच,” म्हणून एक पुढे केलं. मी त्यावर आधीच नखानं खूण केली होती. तेच होतं.

टाकी वाईट नव्हती. बुचं वाईट होती. सगळी नसतील, पण शेठनी मागवलेल्या गोणीत अशी किती होती कोण जाणे. तार केली की ती सगळी बाटल्यांत ठोकली जाणार होती.

मग मालूनं एक गोष्ट केली जी मी तिला कधी करायला सांगितली नसती. चांगल्या बाटलीतली घोटभर वाइन तिनं देवाच्या पंचपात्रीएवढ्या लहान पेल्यात घेतली, माझ्याकडे न बघता, आणि प्याली. तोंड वाकडं झालं.

“जांभूळ आहे,” ती म्हणाली. “खाल्ल्यावर जीभ जड होते ना, तशी तुरट. लवंगबिवंग काही नाही, ते तू आपलं बोलतोस. थोडा ओल्या मनुकांचा वास आहे. वाईट नाही. पण मला आवडली नाही, दादा.”

सगळ्या जयपुरात मिळालेली मतं मी मनात मांडून बघितली. आंबट, तरुण, पोतं, रॉकेल. मी कोण आहे याचा विचार करून बोललेलं त्यांत बरंच होतं. हे एकच मत असं होतं की ज्यावर मी सही केली असती. ‘मला आवडली नाही’ म्हणाली, म्हणूनच तिचं जांभूळ मला खरं वाटलं.

तारघरात फॉर्म पुढे घेऊन मी बराच वेळ उभा होतो. शेठना एवढंच कळवता आलं असतं की बुचं खराब आहेत, थांबा. त्यानं काम भागत होतं आणि माझी मूठही झाकलेली राहत होती. पण वहीतली ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी लिहिलं, ‘बुचं खराब. भरणं थांबवा. माझं नाक चार महिन्यांपासून गेलंय. टाकीवरची सही खोटी आहे.’ खिडकीतल्या बाबूनं ते वाचलं आणि माझ्या नाकाकडे बघितलं. ते जागेवर होतं. त्यानं शिक्का मारला.

शेठनी मला काढलं नाही. मी परतलो त्या दिवशी ते माझ्यासमोर ती वही ठेवून म्हणाले, “यापुढं सही दुसऱ्याची.” आता मोजमापं मी घेतो आणि पेला दुसऱ्याच्या नाकाखाली जातो. कुणी वास घेताना डोळे मिटले की मी अजून मान खाली घालतो.

पण हे पुढचं झालं. मंगळवारी स्टेशनवर मालू डबा घेऊन आली होती.  पोचल्यावर काय होणार ते तेव्हा माहीत नव्हतं. गाडी सुटायला अवकाश होता. तिनं खिडकीतून डबा आत दिला, पण हातातून सोडला नाही.

“ऐक,” ती म्हणाली. “वरच्या पुडात दशम्या आहेत. दुधातल्या, जरा खरपूस भाजल्यात, तव्याचा वास आहे त्यांना. मधे मेथीची कोरडी भाजी, लसूण जास्त घातलाय, उघडलीस की आधी लसूणच येईल. खाली तिळाच्या वड्या. गूळ थोडा करपलाय माझा, तो लपवत नाही. तुझ्या लक्षात राहील ना?”

“राहील,” मी म्हणालो.

गाडी हलली. कानोत्याच्या बाजूचे बोडके डोंगर मागे गेल्यावर मी डबा उघडला. आधी लसूण आला.